उंबरखोली नसलेलं पाळणाघर

नागपुरात आता प्रत्येक घराला दोन दारं असतात. बाहेर बावन्न अंशांची दुपार, आत वीस अंशांचा गारवा. दोन दारांमधल्या चिंचोळ्या जागेला लोक उंबरखोली म्हणतात. येणारा आधी तिथे टेकतो, अंग निववतो, मगच आत पाऊल टाकतो. जावई आला तरी उंबरखोलीत बसल्याशिवाय त्याला कुणी पाणी विचारत नाही.

शाल्मली देशकरची लेक जुई ज्या पाळणाघरात जायची, तिथे मात्र उंबरखोली नव्हती. पाळणाघर तापकवच बनवणाऱ्या कंपनीचं, फुकटचं. "पाठीवर आमचं तापकवच असताना उंबरखोली कशाला हो?" असं तिथल्या बाई हसून म्हणायच्या. तापकवच म्हणजे विड्याच्या पानाएवढी पातळ पट्टी. उन्हात अंग थंड ठेवते, गारव्यात ऊब देते. शाल्मलीनं विश्वास ठेवला. आणि गेल्या आठवड्यात ती पट्टी तडकली, जुई पाळणाघराच्या दारातच निपचित पडली.

"वाचली, नशीब समजा," डॉक्टर म्हणाले. नशीब हा शब्द ऐकून शाल्मलीचं डोकंच सणकलं. जुई उठून बसू लागली, तशी तिला कडेवर घेऊन, तडकलेली पट्टी डब्यात घालून, ती थेट कंपनीच्या प्रयोगशाळेत गेली.

चाचणी विभागाचे प्रमुख डॉ. हरदास मऊ आवाजाचे गृहस्थ होते. "ताई, रागावू नका. आधी बघा तरी."

काचेच्या कपाटात वर भट्टी होती, खाली बर्फाळ पेटी आणि दोन्हींमध्ये वर-खाली फिरणारी, पट्ट्यांनी भरलेली टोपली.

"गार ग्लासात उकळता चहा ओतला की काच का तडकते? आतली बाजू फुगते, बाहेरची जागची हलत नाही. या ओढाताणीला आम्ही तापधक्का म्हणतो. एका धक्क्यानं काही दिसत नाही. पण धक्क्यामागून धक्के बसले की आत केसासारख्या चिरा पडत जातात."

"म्हणजे असे धक्के खाल्लेल्या पट्ट्या तुम्ही आमच्या लेकरांना लावता?"

"छे, छे. चाचणी झालेला नग आम्ही कधीच विकत नाही. वरून धड दिसला तरी आतून खचलेला असतो. तो सरळ भंगारात जातो."

टण टण टण. घंटा वाजली आणि टोपली भट्टीतून पेटीत उतरली.

शाल्मलीच्या खांद्यावर पेंगणाऱ्या जुईनं मान उचलली. डोळे घट्ट मिटून तिनं दोन्ही हात वर केले, कुणीतरी उचलून नेणार असल्यासारखे. "भूर नको," ती पुटपुटली. "भूर नको."

बाहेर जायचं म्हटलं की चपला शोधत धावणारी पोर ही.

"सर," शाल्मली सावकाश म्हणाली, "ही घंटा पाळणाघरातही वाजते?"

"मुलांना जरा अंगणात नेतात. खेळायला."

"आणि?"

"आणि आत आणतात."

"दिवसातून किती वेळा?"

हरदासांनी चष्मा काढून पुसला. "पेटीला घाम येत नाही, ताई. ती रडत नाही, तिला ताप येत नाही. खऱ्या अंगावर कवच किती टिकतं, हे कळायला तर हवं. शेवटी सगळ्यांच्याच मुलांसाठी आहे ना हे."

"तुम्हाला नातवंडं आहेत?"

"नात आहे. ती... घरीच असते. आजी बघते तिला."

"घराला उंबरखोली असेल."

हरदासांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग घाईघाईनं म्हणाले, "तुमच्या जुईचं झालं ते वाईटच. पण बाकी एकाही मुलाला काही झालेलं नाही. पाहिलंत ना, वरून अगदी धड..."

वाक्य तिथेच अडकलं.

"बोला ना," शाल्मली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुमच्या नगांना भंगार तरी आहे. ही लेकरं आम्ही कुठे न्यायची?"

टण टण टण. जुईचे हात पुन्हा वर गेले.

शाल्मलीनं कपाटाशेजारचं, भिंतीवरचं बटण खाडकन बंद केलं. टोपली अधांतरी थांबली, भट्टी विझली, घंटाही गप्प झाली.

तरी जुईचे हात वरच होते.