न थांबणारे नर

चितळवनाच्या नियंत्रणकक्षात डॉ. ऋजुता शेजवळने पडदा संचालकांच्या तोंडासमोर वळवला. “आज मुलांची सहल आत सोडू नका, सर.”

“तुमची शर्वी त्या गाडीत आहे म्हणून ना?” डॉ. टेंभुर्णे हसले. “बाई, आईपण घरी ठेवून येत जा.”

“सोबत आणते म्हणूनच दिसतं. तुम्हाला वीस वर्षांत दिसलं नाही.”

कुंपण घातलेल्या त्या जंगलात वाघ नव्हता. वाघाचं काम वेधक करत असे. झाडांवर बसवलेलं, जास्तीचे नर स्वतः निवडून गोळी घालणारं यंत्र. कुणी जखमी होऊन तडफडू नये म्हणून टेंभुर्ण्यांनी त्याला दयेची एक अट घातली होती: जनावर स्थिर उभं असेल तरच गोळी. या अटीबद्दल त्यांचा सत्कारही झाला होता.

“संशय आला की चितळ काय करतं?” ऋजुताने विचारलं.

“थबकतं. पाय आपटतं. नाहीतर पळतं. शाळेतलं पोरही सांगेल.”

“आणि पळून लांब गेलं की थांबून मागे बघतं. तिथेच मरतं. थबकणारे मेले, मागे बघणारे मेले. उरला कोण? न थांबता सरळ अंगावर येणारा. पिढ्यान्‌पिढ्या पिल्लं त्याचीच होतायत, सर. हा कळप तुम्ही घडवलाय.”

“एका माजलेल्या नराने जीपला टक्कर दिली, की लगेच सिद्धांत!” टेंभुर्ण्यांनी टोपी चढवली. “मीच उभा राहतो आत. गाडी माझ्यामागून येईल. मग तरी तोंड बंद होईल ना तुमचं?”

“गाडी नको!”

ते निघूनही गेले होते.

फाटक उघडलं. गवतात टेंभुर्णे कमरेवर हात ठेवून उभे राहिले. फाटकाबाहेर गाडी, काचांना चिकटलेली नाकं. ऋजुताचं बोट फाटकाच्या कळीवर होतं.

सागांमधून एक नर निघाला. मान खाली घातली आणि धावत आला. वेधकाची नळी त्याच्यामागे वळत राहिली. गोळी मात्र सुटली नाही. शिंगं टेंभुर्ण्यांच्या मांडीत रुतली, तेव्हा कुठे नर थांबला.

गोळी सुटली. अगदी नेमकी.

“बघितलंत?” वॉकीटॉकीवर टेंभुर्ण्यांचा धापा टाकणारा आवाज आला. “मारलाच ना! सोडा गाडी आत!”

“थांबला म्हणून मेला तो,” ऋजुता म्हणाली. “टक्कर देऊन थांबणाराही आता संपला. मागचे तेवढंही थांबणार नाहीत.”

सागांमधून बाकीचे नर बाहेर पडले होते. मेलेल्यापाशी एकही थबकला नाही.

“बाई, फाटक... मला येऊ द्या...”

गाडी पुढे सरकू लागली होती. ऋजुताने कळ दाबली. फाटक गाडीच्या तोंडासमोर बंद झालं. टेंभुर्णे आतच राहिले.