सॉकेट बंद करायचं नाही

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मामेबहिणीच्या बाबतीत घडलेली आहे.

तिला मी ताई म्हणतो. ताई शाळेत गणित शिकवते. भुताखेतांचं नाव काढलं की "आधी सिद्ध करून दाखव" म्हणणारी बाई. पण हे तिनेच मला सांगितलं.

आणि हो, ती रात्र नव्हती.

हिवाळ्यातली दुपार होती. डोंगरातला रस्ता होता. धुकं इतकं दाट, की गाडीचं नाक दिसावं आणि पुढचा रस्ता दिसू नये.

ताईचे वडील, म्हणजे माझे मामा, जन्मभर गॅरेजमध्ये गाड्यांना रंग मारत आले. त्या फवाऱ्याने फुप्फुसांची पार चाळण केली. नाकात नळी आणि नळीच्या टोकाला ऑक्सिजनचं मशीन, असं त्यांचं शेवटचं आयुष्य. राहायचे डोंगरापलीकडच्या गावात, एकटेच. ताई आपली इलेक्ट्रिक गाडी घेऊन त्यांना भेटायला म्हणून गेली होती, आणि निघायच्या दिवशी सकाळी मामांचे ओठ निळे पडले.

तिथल्या डॉक्टरांनी हात टेकले. "शहरात न्या, आजच्या आज." गावातली एकुलती एक अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली.

ताईने नवऱ्याला फोन लावला.

"अगं, रडतेस कशाला?" भावोजी म्हणाले. "आपल्या गाडीला घरातल्यासारखं सॉकेट आहे. बाबांचं मशीन त्यात लाव आणि नीघ. वाटेत दोन ठिकाणी चार्जिंग आहे. बिनधास्त ये."

मामांना पुढच्या सीटवर टेकवून बसवलं. मशीन पायाशी. प्लग सॉकेटमध्ये.

"ही गाडी नव्हे... मोबाइलला चाकं लावलीत नुसती," मामा धापा टाकत म्हणाले.

ताई हसली. त्या दिवसातलं ते शेवटचं हसू.

पहिलं चार्जिंग बंद होतं. खांब उभा, स्क्रीन काळीठिक्कर. तिने बटणं दाबली, वायर ओढली, शेवटी खांबाला दोन थपडाही मारल्या. काही उपयोग नाही.

दुसरं चार्जिंग घाटमाथ्यावर. तिने मनात हिशेब केला. पोचतो आरामात.

गणिताच्या बाईंनी अंतर धरलं. चढ धरला नाही. थंडी धरली नाही. आणि मामांचं मशीनही त्याच बॅटरीवर जगतंय, हे तर डोक्यातच आलं नाही.

घाट लागला आणि बॅटरीचा आकडा डोळ्यांदेखत उतरायला लागला. तिने हीटर बंद केला. स्वतःचा स्वेटर काढून मामांच्या छातीवर घातला. मोबाइलला रेंज नाही. मागे-पुढे एक गाडी नाही.

इलेक्ट्रिक गाडीला इंजिनाचा आवाज नसतो. गाडीत ऐकू येत होतं ते फक्त मशीन.

खस्स... फुस्स...

खस्स... फुस्स...

मग स्क्रीनवर सूचना आली. बॅटरी कमी आहे, सॉकेट लवकरच बंद होईल.

ही गाडी आधी स्वतःपुरतं राखते. चार्ज खाली गेला की चाकं चालू ठेवते आणि सॉकेट तोडते. मशीनची स्वतःची बॅटरी जुनी, पाच-दहा मिनिटांची धनी. ताई ओक्साबोक्शी रडत गाडी चालवत होती. "मी देवाला नाही रे, त्या आकड्याला हात जोडत होते," ती मला म्हणाली.

माथ्यावर पोचली आणि सॉकेट बंद पडलं. मशीनचा दिवा हिरव्याचा लाल झाला.

समोर एक बंद हॉटेल. शटर खाली. बाहेर चार्जिंगचे दोन खांब.

एक मेलेला.

दुसऱ्यावर दिवा लुकलुकत होता... पण त्याची वायर एका गाडीला लावलेली होती.

जुनी गाडी. काचा आतून वाफेने पांढऱ्या झालेल्या. ताई धावत गेली. वायर ओढून पाहिली. हलेना. आत कुणीतरी होतं, कारण गाडीतून आवाज येत होता...

खस्स... फुस्स...

तिने काचेवर दोन्ही हात आपटले. काच दोन बोटं खाली आली. आत शाल पांघरलेली एक बाई.

"अहो, ऐका ना, माझ्या बाबांचं मशीन बंद पडतंय. दहा मिनिटं द्या मला. पाया पडते तुमच्या."

"घ्या ना," बाई शांतपणे म्हणाली. "आमची तर भरतच नाही. केव्हाची लावलीय. इथे थांबून काही होत नाही, कळलंय मला आता."

"मग वायर सोडा ना लवकर!"

"तुमच्या गाडीत मागे जागा आहे?"

"आहे. का?"

"आमच्या ह्यांना न्याल? त्यांचंही मशीन आहे. चालू ठेवायचं फक्त. बंद करायचं नाही."

अडला हरी गाढवाचे पाय धरी. त्या घडीला कुणी तिचा हात तोडून मागितला असता तरी तिने दिला असता.

"नेते. नाही बंद करणार. शब्द देते. आधी वायर सोडा!"

खट्.

वायर तिच्या हातात आली. बर्फासारखी गार. तिने पळत जाऊन ती आपल्या गाडीला लावली. आकडा चढू लागला. थोड्या वेळाने सॉकेट चालू झालं आणि मामांच्या मशीनचा दिवा हिरवा झाला. ती बॉनेटवर डोकं टेकून लहान पोरीसारखी रडली.

मग तिला त्या बाईची आठवण झाली.

वळून पाहिलं... काचांवर वाफ नव्हती. आत शाल नव्हती. बाई नव्हती. सीटही नव्हत्या. नुसता गंजलेला सांगाडा, चारही टायर जमिनीला चिकटलेले.

ती जवळ गेली. जिथून वायर निघाली होती, तिथे पेट्रोलचं झाकण होतं. गंजून बंद झालेलं.

पेट्रोलची गाडी. तिला वायर लागणार कुठे आणि कशी?

ताई तिथून कशी निघाली, तिलाही आठवत नाही. पुरेसा चार्ज झाला आणि तिने गाडी उताराला घातली.

थोडं पुढे गेल्यावर...

टिंग. टिंग. टिंग.

सीटबेल्टची सूचना. मागची सीट. डावी बाजू.

मागे कुणीही नव्हतं. तिने आरसा वर फिरवला, छताकडे. पाहायचंच नाही, असं ठरवलं.

पण ऐकायचं नाही असं ठरवून कसं चालेल?

खस्स... फुस्स... पायाशी.

खस्स... फुस्स... मागे.

उताराला ही गाडी उलट थोडी चार्ज होते. त्या दिवशी झाली नाही. आकडा खालीच येत राहिला. सॉकेटला एक मशीन लावलेलं, पण स्क्रीनवर वीज दोघांची जात होती.

मामांनी डोळे न उघडता म्हटलं, "त्याला उकडतंय गं. मागची काच जरा खाली कर."

तिने केली. काय करणार?

दवाखान्यात पोचली तेव्हा सॉकेट पुन्हा तुटायच्या बेतात होतं. डॉक्टर म्हणाले, "अगदी वेळेवर आणलंत." मामा वाचले. काही दिवसांनी ताईच्या घरी आले. इथे गोष्ट संपायला हवी होती.

घरी आल्यावर ताईला मोबाइलवर दिसलं की गाडीचं सॉकेट अजून चालूच आहे. त्यात काही लावलेलं नव्हतं. तरी वीज जात होती. तिने खाली जाऊन ते बंद केलं आणि जिना चढू लागली...

वरून भावोजींची हाक आली. "अगं लवकर ये! बाबा बघ!"

मामांचं मशीन घरच्या विजेवर व्यवस्थित चालू. दिवा हिरवा. नळी नाकात. आणि मामा पाण्याबाहेर काढल्यासारखे तडफडत होते. "माझं ओढतोय तो," एवढंच ते बोलले.

ताई उलटपावली खाली धावली. सॉकेट चालू केलं. वर मामा शांत झाले.

तिने पुन्हा एकदा करून पाहिलं. शेवटी गणिताची बाई. तिसऱ्यांदा करायची हिंमत झाली नाही.

तेव्हापासून गाडी खाली प्लगला लावलेली आणि सॉकेट चालू. भावोजींनी मेकॅनिक आणला. तो म्हणाला, "काहीतरी लावलंय तुम्ही, बारीक लोड आहे." सॉकेट रिकामं बघून त्याने डोकं खाजवलं आणि निघून गेला. भावोजी म्हणाले, गाडी विकू. ताईने आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला.

मामा त्यानंतर बरेच महिने जगले. या थंडीत गेले. झोपेत, शांतपणे.

सगळं आवरल्यावर ताई एकटीच खाली गेली. आता कुणाचा जीव टांगणीला नव्हता. शब्द खूप पाळला, असं तिने स्वतःला समजावलं. गाडीत बसली. सॉकेटच्या बटणावर बोट ठेवलं.

स्क्रीनवर वीज दोघांची जात होती.

मागे खस्स... फुस्स...

आणि शेजारच्या सीटवरही.

मामांच्या श्वासाला शेवटी एक बारीक शीळ यायची. घरातल्या माणसाला अंधारातही ओळखू येईल अशी. ती शीळ तिच्या खांद्याजवळ येत होती.

"बाबा?" ती म्हणाली.

शीळ तशीच येत राहिली. तिने बोट काढलं.

"तूच सांग, कसं बंद करू?" तिने मला विचारलं.

काल तिचा फोन आला. त्यांच्या इमारतीतली वीज दुरुस्तीसाठी दोन दिवस बंद राहणार आहे. तुझ्याकडे गाडी लावू का, चार्जिंगला? तिचा आवाज इतका रडवेला होता, की मी पुरतं ऐकायच्या आत हो म्हणालो.

आज दुपारी ती आली. मी खिडकीतून पाहत होतो. एकटीच उतरली. माझ्या चार्जिंग पॉइंटला वायर लावली.

मग शेजारच्या सीटचं आणि मागचं अशी दोन्ही दारं उघडून तिने वाकून आत पाहिलं आणि ती अगदी हळू लावली... आतल्यांची झोप मोडू नये म्हणून.