एकाच वेळेच्या दोन बोली

जळगावहून धुळ्याला निघालेल्या एसटीत एकच जागा रिकामी होती, आणि तिच्या शेजारी नेमका भटू बसलेला! विशाखाला धरणीमाय पोटात घेईल तर बरं असं झालं. पण मागून कंडक्टर म्हणाला, "ताई, वाट अडवू नका," — झालं, बसावंच लागलं.

भटूच्या मांडीवर ऑफिसातलं सामान होतं… कप, हेडफोन, स्वेटर. कालच त्याने राजीनामा दिला होता, आणि तोही हिच्यामुळे. केळीच्या लिलावाचं ॲप दोघं मिळून करायचे. तो कोड लिहायचा, ती तपासायची. दोन बोली पाठोपाठ लावल्या तर दुसरीची वेळ नंतरचीच आली पाहिजे, अशी तिची टेस्ट. तिच्या कॉम्प्युटरवर ती मधूनच नापास व्हायची. "माझ्याकडे तर नेहमी पास होते," भटू म्हणायचा. शेवटी भर मीटिंगमध्ये ती बोलून गेली, "यांना न तपासताच काम माथी मारायची सवय आहे." तो उठून थेट राजीनामा लिहायला बसला होता.

आज सकाळी खरं कारण सापडलं, तेव्हा मात्र तिला ऑफिसात थांबवेना. अर्ध्या दिवसाची सुटी टाकून बाई धुळ्याला मामाकडे पळाली होती.

पारोळा आलं. वाऱ्याने तिचे केस तोंडावर येऊ लागले, तशी भटूने न विचारता काच ओढली. तिला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"भटू… चूक माझी होती," ती मान खाली घालून म्हणाली. "माझ्या कॉम्प्युटरवरच्या विंडोजचं घड्याळ काही मिलिसेकंदांच्या उड्या मारत चालतं. दोन्ही बोली एकाच उडीत आल्या की वेळ सारखीच पडते, आणि टेस्ट नापास. मध्ये उडी पडली की पास. तुमचं लिनक्सचं घड्याळ बारीक चालतं, म्हणून तुमच्याकडे दिसलंच नाही. क्रम तपासायचा सोडून मी घड्याळावर भिस्त ठेवली."

"सांगितलंत ना? झालं मग."

"नाही झालं. सगळ्यांसमोर बोलले, सगळ्यांसमोरच निस्तरायला हवं."

तिने साहेबांना फोन लावला. "ज्ञानेश्वर सर, स्पीकरवर टाका, बठ्ठ्यांना, सगळ्या ऑफिसला ऐकू द्या…" पुढच्या सीटवरची आजीसुद्धा वळून ऐकत होती. तरी विशाखाने काही गाळलं नाही.

"भटूला म्हणावं, सोमवारी ये," सर म्हणाले. "राजीनामा पुढे पाठवलेला नाही, माझ्याकडेच आहे."

भटूने हातातला कप सामानात ठेवला.

"आता माझंही ऐका… कारण मला तासाभरात सापडलं असतं. शोधलंच नाही. टेस्ट नापास झाली की तुम्ही हाक मारायच्या — तुमच्या टेबलाशी उभं राहायला मिळायचं."

"आणि तेवढ्यासाठी नोकरी घालवत होतात?"

"अर्धी चूक मनी शे… माझीच," तो हळूच म्हणाला.

धुळ्याच्या स्टँडवर त्याने तिची बॅग खाली उतरवून दिली.

"सोमवारी टेस्ट दुरुस्त करणार आहे मी," ती म्हणाली. "आता नापास व्हायची नाही."

"मग मी यायचं कशाला?"

तेव्हा कुठे तिने मान वर केली. "कारण नसलं तरी हाक मारीन… याल ना?"