भरलेला सिलिंडर

काम साधंच होतं. दुपारी चारच्या आत सहा माणसांचा एक तराफा धक्क्यावरच्या मासेमारी बोटीवर पोचवायचा, कप्तानाची सही घ्यायची आणि परत यायचं. धाकट्याने तराफ्याचं पांढरं पिंप हातगाडीवर चढवलं आणि निघाला.

बोटींवरचे फुगणारे तराफे वर्षातून एकदा त्यांच्या कारखान्यात यायचे. ते फुगवून बघायचे, कुठे हवा जाते का तपासायचं आणि घडी घालून पुन्हा पिंपात बसवायचे. बोट बुडायला लागली की पिंप पाण्यात फेकून दोरीला हिसका द्यायचा. आतला गॅसचा सिलिंडर सुटतो आणि मिनिटभरात छपरासकट तराफा उभा राहतो. कारखान्यात काम चालू असताना तो चुकून सुटू नये म्हणून सिलिंडरच्या तोंडात एक लाल पिन घालून ठेवतात. झाकण लावण्याआधी ती काढून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायची. पिन आत राहिली, तर तो तराफा म्हणजे नुसतं रबराचं गाठोडं.

खिळ्याची पद्धत दादाची, धाकट्याच्या थोरल्या भावाची. पाच आठवड्यांपूर्वी दादा असंच एक पिंप पोचवायला छोट्या होडीतून गेला आणि होडी उलटली. पिंप तरंगत परत आलं. दादा नाही आला.

सही घेऊन धाकटा परतला, हात धुतले, आणि पुसता पुसता त्याची नजर भिंतीवर गेली.

खिळा रिकामा होता.

आदल्या दिवशी घडी घालताना कारखान्याचे मिस्त्री म्हणाले होते, "तुझ्या दादाने एवढ्यात दोन केले असते." धाकट्याचं डोकं फिरलं होतं. बाकीचं काम त्याने कसंबसं उरकलं होतं आणि झाकण लाथेने बसवलं होतं.

तो अनवाणीच धावत सुटला. धक्क्याला बोट नव्हती, पाण्यावर नुसतं डिझेल तरंगत होतं.

वायरलेसवाल्याने दोन तास हाका मारल्या. पलीकडून खरखरीखेरीज काही आलं नाही. रात्रीतून वारा उठला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आभाळ असं दाटून आलं की समोरचा माणूस दिसेना. वीज गेली होती. धाकटा आणि मिस्त्री कारखान्यात एकमेकांकडे पाठ करून बसले होते. ओल्या रबराचा आणि पावडरीचा वास कोंडला होता. पत्रे थडथडत होते. आणि मग, त्या थडथडीच्या खालून, दुसरा एक आवाज यायला लागला. फूऽऽ... मग थोडं थांबणं. पुन्हा फूऽऽ...

"मिस्त्री... पंप चालू राहिलाय का?"

"वीज कुठाय बाबा पंपाला?"

"मग हे...?"

मिस्त्री उठले. पंपावर हात ठेवला. गार होता. त्यांनी एकेक नळी उचलून कानाला लावली आणि हळूच खाली ठेवली. आवाज कुठल्याच नळीतून येत नव्हता. मोकळ्या फरशीवर, जिथे तराफे फुगवायचे, तिथे मधोमध तो होता. अर्धा तास चालला. शेवटी शेवटी धाप लागल्यासारखा झाला... आणि थांबला.

"वारा असेल," मिस्त्री म्हणाले. पण त्यानंतर ते धाकट्याला एकटं सोडून घरी गेले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी कप्तान दारात उभा राहिला. ओठ फुटलेले, अंगावर कुणाचा तरी मोठा शर्ट. मागे हातगाडीवर तो तराफा, अजून फुगलेला. त्याने धाकट्याला पोटाशी धरलं आणि लहान पोरासारखा रडला.

"सहाच्या सहा आलो रे. माझी धाकटी अजून शाळेतसुद्धा जात नाही. तुझे उपकार कसे फेडू?"

"उपकार नका म्हणू," धाकट्याच्या तोंडून निघून गेलं. "पिन मी आतच विसरलो होतो. तुम्ही मेला असता... माझ्यामुळे."

कप्तानाने हात सैल केले.

"काल दुपारी बोट बुडताना दोरी ओढली तेव्हा काहीच झालं नाही, हे खरं. दहादा ओढली. तुम्हा सगळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, खोटं कशाला बोलू? मग पिंप आपोआप उघडलं. आणि तराफा फुगायला लागला... सावकाश. थोडा फुगे, थांबे. पुन्हा थोडा फुगे. आमचा खलाशी म्हणाला, हे यंत्र नव्हे. मी म्हटलं, गप बस आणि हात जोड."

मिस्त्रींनी सिलिंडर सोडवून काट्यावर ठेवला. वजन भरलेल्या सिलिंडरचं होतं. लाल पिन जागच्या जागी होती. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"पोरा, त्या दिवशी मी तुला जे बोललो..."

"राहू द्या, मिस्त्री."

कप्तान गेल्यावर धाकट्याने तराफा फरशीवर पसरला आणि हवा सोडायला बूच काढलं. आतून हवा आली ती कोमट. तिला लवंगेचा वास होता. दादाची दाढ किडली होती. दिवसभर गालात लवंग असायची आणि आई म्हणायची, तुझ्याशी बोलायचं म्हणजे मसाल्याचा डबा उघडायचा. धाकटा गुडघ्यांवर बसला. गाल त्या भोकाजवळ नेला. पाच आठवड्यांत पहिल्यांदा त्याला मोकळेपणाने रडू आलं.

"दादा," तो म्हणाला, "वाचवलंस रे. त्यांना पण... मला पण."

तराफा हळूहळू बसला. पार चपटा झाला, फरशीला चिकटला. आत हवेचा कण उरायला जागा नव्हती.

हवा येतच होती. थांबून थांबून.

"झालं का रे?" मिस्त्रींनी आतल्या खोलीतून विचारलं. "बूच लाव आणि घडी घाल."

"लावतो," धाकटा म्हणाला.

बूच त्याच्या मुठीत होतं. ते लावायला हात काही पुढे होईना.