उन्हाळी अंकातलं बावखल

नोटीस बोर्डावर कागद लावायला निधी स्टुलावर चढली आणि शेवटची टाचणी तिच्या हातून निसटली. खाली उभ्या असलेल्या मुलाने ती शोधून वर धरली, पण लगेच सोडली नाही.

"'उन्हाळ्यावर लिहा... कथा, कविता, आठवणी, काहीही.' काहीही?" त्याने विचारलं.

"काहीही."

"मग शंभर जण आंब्यावर लिहितील."

"तू दुसऱ्या कशावर तरी लिही ना... नव्याण्णवच उरतील."

तो हसला. हसताना त्याचे डोळे पार मिटून जात. निधीने टाचणी घेतली, आणि कागद चक्क तिरका लावला.

त्याचं नाव डिलन. भुईगावचा, सायन्सच्या शेवटच्या वर्षाला. निधी विरारची, कॉलेजच्या अंकाची विद्यार्थी-संपादक. शनिवारपर्यंत दहा लेख आले नाहीत तर उन्हाळी अंक निघणार नाही, असं मराठीच्या सरांनी बजावलं होतं. आले होते चार. त्यातल्या दोन कविता इंटरनेटवरून उचललेल्या! त्यामुळे निधी दिसेल त्याच्या मागे लागत होती. डिलनच्या मागे जरा जास्तच.

"उन्हाळ्यात तुमच्याकडे काय चालतं?" कॅन्टीनमध्ये तिने त्याला गाठलंच.

"बावखल साफ करतो."

"बाव... काय?"

"बावखल. वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पाणी खाली गेलं की सगळं घर आत उतरतं, गाळ काढायला. ममी काठावरून ओरडत असते. मग नवीन पाणी झिरपायला लागलं, की पहिली ओंजळ तीच पिते. दुसऱ्या कुणाला पिऊ देत नाही."

निधी बघतच राहिली. "हेच लिही!"

"माझी शाळा इंग्लिश मीडियम, घरात आमची बोली. मराठी लिहायला गेलो तर... तू हसशील."

"हसले तर सरबत माझ्याकडून."

"आणि नाही हसलीस तर?"

"तर... तुझ्याकडून."

शुक्रवारी त्याने दोन पानं आणून दिली. निधीने ती जिन्यातच उभ्याने वाचली. अर्धी मराठी, अर्धी त्यांची बोली. ती हसली नाही. ममीच्या ओंजळीपाशी आली तेव्हा तिचे डोळे भरून आले. मागे लागून लागून नऊ जमले होते, हा दहावा लेख होता. त्या आनंदात तिने तो बसल्या बैठकीला नीटनेटका करून टाकला. ममीचं बोलणं पुस्तकी झालं, बावखलाचं तळं झालं.

शनिवारी मोठ्या हौसेने तिने टाइप केलेली पानं त्याच्यापुढे ठेवली. वाचून त्याने ती परत तिच्याकडे सरकवली.

"छान आहे," तो म्हणाला. "पण माझं नाही गं हे. माझी ममी अशी बोलतच नाही... छाप तू. फक्त माझं नाव काढ."

आणि तो निघून गेला.

तिने तीनदा फोन केला. त्याने उचलला नाही. रागावला असता, भांडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं. शेवटी तिने सरांकडून सोमवारपर्यंतची मुदत मागून घेतली, आणि रविवारी सकाळी वसईहून भुईगावची बस पकडली.

केळीच्या बागांमधल्या अरुंद गल्लीत विचारत विचारत ती घरापाशी पोहोचली. डिलनची ममी, क्लेमेंटीन आंटी, नुकत्याच चर्चमधून, रविवारच्या मिस्साहून आल्या होत्या.

"आंटी, मी डिलनच्या कॉलेजातली निधी. त्याने लिहिलंय हे. यातले तुमचे शब्द नीट कसे लिहायचे ते मला कळत नाही. वाचून दाखवाल?"

आंटींनी चष्मा लावला. पहिल्या चार ओळी वाचल्या आणि चष्म्यावरून पाहिलं. "माझ्यावर लिहिलंय यानं? आणि मला पत्ताच नाही?" मग त्या आपल्या बोलीत मोठ्याने वाचू लागल्या. मध्येच हसत होत्या, मध्येच पदराने डोळे टिपत होत्या. निधी पेन्सिलने एकेक शब्द जसाच्या तसा उतरवून घेत होती.

"ममी, कोण आलं..." बादली घेऊन आलेला डिलन दारातच थबकला. गुडघ्यापर्यंत चिखल, कानाची पाळी लालेलाल.

"माझं चुकलं," निधी म्हणाली. "सगळं परत तुझं केलंय. सरांनाही दाखवली होती तुझी मूळ पानं. म्हणाले, असंच जाऊ दे."

त्याने बादली खाली ठेवली. नुसतं म्हणाला, "बावखल बघायचंय?"

भेंडीच्या झाडाच्या सावलीत पाणी हिरवंगार, शांत होतं. पायऱ्या उतरायला त्याने हात पुढे केला. उतरून झाल्यावरही तो तिने सोडला नाही.

"एवढ्या उन्हात आलीस... एका लेखासाठी?"

"लेख तर माझ्याकडेच होता," निधी म्हणाली. आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. "मला तू आवडतोस, डिलन. अंक निघाला नसता तरी आवडलाच असतास."

डिलनने तिच्याकडे पाहिलं. काहीतरी सुरेख बोलायचं म्हणून तो हात सोडवून एक पाऊल मागे सरकला, आणि थेट कमरेपर्यंत पाण्यात गेला.

"मला पण!" पाण्यातूनच तो ओरडला. "बोर्डापाशी भेटलीस त्या दिवसापासून!"

निधी पायरीवर बसून पोट धरून हसत होती. वरून आंटींची हाक आली, "ए पोरांनो, काय चाललंय तिकडे? जेवायला या! आणि निधी, तू मासे खातेस ना गं?"