महिना भरेपर्यंत

वाडगा परत आला होता... जसाच्या तसा!

खोलीच्या दाराबाहेर ठेवलेला तो वाडगा न्यानने उचलला. कच्ची पपई घालून डुकराच्या पायांचं ते कालवण तिने पहाटेपासून मंद आचेवर शिजवलं होतं. बाळंतिणीला दूध यावं म्हणून तिच्या आईने, आजीने हेच तर पाजलं होतं. आता त्यावर चरबीची साय धरली होती आणि चमचा कोरडा ठणठणीत होता.

"जेवलीस का गं, दिएप?" तिने दाराशी तोंड नेऊन सुनेला विचारलं.

"जेवले, मा."

धडधडीत खोटं, आणि तेही इतक्या आदबीने सांगितलेलं की भांडायलाही जागा नाही! आत बाळ कुरकुरलं, पण त्याला कुणी उचलून घेतल्याची चाहूल आली नाही. न्यान क्षणभर दाराच्या मुठीवर हात ठेवून उभी राहिली, मग स्वयंपाकघरात परतली आणि तेच कालवण पुन्हा गरम करायला ठेवलं.

बाहेर मेलबर्नचा जानेवारी आग ओकत होता. सेंट ऑल्बन्स उपनगरातल्या त्या विटांच्या घरात मात्र एक खिडकी उघडी नव्हती, आणि सून बिचारी लोकरीची टोपी नि मोजे घालून पडलेली. बाळंतिणीला वारा लागला की म्हातारपणी हाडन् हाड हिशेब मागतं, हे न्यानचं ठाम मत. त्यापुढे हवामानखात्याचं काय चालणार! सुनेच्या बाळंतपणासाठी तिने बेकरीतली इतक्या वर्षांची नोकरी सोडली होती. आल्याचा लेप, मिठाच्या पुरचुंडीचा शेक, मिरी घालून खारवलेलं मांस, कशात म्हणून उणं नव्हतं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, अशी सासू मिळायला पुण्य लागतं. मग ही पोरगी दिवसेंदिवस अशी विझत का चालली होती?

का, ते न्यानला ठाऊक नव्हतं थोडंच... ठाऊक होतं, म्हणून तर तिलाही घास उतरत नव्हता.

आमच्यात म्हणतात, पहिलं बाळंतपण आईच्या घरी, दुसरं नवऱ्याच्या. दिएपचं माहेर समुद्रापलीकडे, बेन त्रेला, नारळीच्या बनात नदीकाठी. लेक येऊ शकत नाही तर आईनेच इकडे यायचं ठरलं होतं, व्हिसासुद्धा हातात पडला होता. आणि दिएपला सातवा महिना लागलेला असताना तिचे वडील नारळांची होडी घाटाला लावता लावता छातीला हात लावून जे खाली बसले, ते उठलेच नाहीत. फोन आला तो न्यानला. विहीणबाई रडत नव्हत्या, विनवत होत्या. गरोदर बाईने मरण पाहू नये, ऐकू नये, पोटातल्या जिवावर सावली पडते. आणि जिच्या डोक्याला सुतकाची पांढरी पट्टी आहे तिने बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकू नये. "ताई, बाळाचा महिना भरेपर्यंत तिला कळू देऊ नका," त्या म्हणाल्या होत्या. "तुम्हाला माझ्या गळ्याची शपथ आहे."

न्यानने ती शपथ पदरात घेतली, आणि नुसती रीत म्हणून नव्हे. तिचा एकुलता एक मुलगा तोआन मलेशियाच्या किनाऱ्यावरल्या निर्वासितांच्या छावणीत जन्मला तेव्हा तिच्याजवळ तिचं असं कुणी नव्हतं. तो दुपट्यात होता तेव्हाच गावाकडून आलेल्या कुणीतरी सहज बोलता बोलता सांगून टाकलं, तुझी आई गेली! त्या दिवशी न्यानचं दूध आटलं. तोआन जगला तो भाताच्या पेजेवर आणि परक्या बायकांच्या दयेवर. ते दारुण दुःख सुनेच्या वाट्याला येऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

म्हणून तिने तोआनच्याही तोंडाला कुलूप घातलं आणि वाईटपणा सगळा आपल्या शिरावर घेतला. आईचं येणं का रद्द झालं, असं दिएपने विचारलं तेव्हा न्यान म्हणाली, मी आहे की, एका घरात दोन दोन म्हाताऱ्या कशाला! विहीणबाई फोनवर चेहरा दाखवायच्या नाहीत, कारण डोक्यावर ती पट्टी आणि पाठीमागे नवऱ्याची तसबीर; दोन वाक्यं बोलायच्या आणि रेंज नाही म्हणून ठेवून द्यायच्या. बाबा कुठे आहेत म्हटलं की बाबा नदीवर. नेहमीच नदीवर. आपल्याला माहेराला पारखी करणारी ती हीच सासू, हे सुनेच्या डोळ्यांत न्यानला रोज दिसत होतं आणि ती मुकाट्याने गिळत होती. महिना भरू दे, मग कळेल तिला, असं ती देव्हाऱ्यातल्या नवऱ्याच्या तसबिरीला सांगायची.

बाळंतिणीच्या मनाची विचारपूस करायला एक नर्स येऊन गेली होती. गोरी, स्वभावाने चांगली. पण आल्या आल्या म्हणाली, किती सुंदर बाळ! तान्ह्या मुलाला आमच्यात कुणी सुंदर म्हणत नाही, भुताखेतांचे कान टवकारतात. म्हणून तर नातवाचं नाव उंदऱ्या ठेवलेलं. मग नर्सने फोनवरच्या दुभाष्यामार्फत विचारलं, गेल्या आठवड्यात तुम्हाला गोष्टींमधली गंमत दिसली का? दिएपने सासूकडे पाहिलं, सासूने दिएपकडे. कसली गंमत? शेवटी दिएप हसली. पुढच्या प्रत्येक प्रश्नालाही हसली, आणि नर्स समाधानाने निघून गेली. आमच्यात माणूस लाजला तरी हसतो, दुखलं तरी हसतो, आणि रडू आवरेना झालं की मग तर हमखास हसतो, हे त्या भल्या बाईला कोण सांगणार!

वाडगा परत आला त्या दिवशी दुपारी मात्र मियेन आली. आपल्यातलीच, इथे शिकून नर्स झालेली, चाळिशीची आणि तोंडाने फटकळ. चपला दाराशी काढून ती आत आली, बाळावर वाकली आणि नाक मुरडून म्हणाली, "शी! काय कुरूप कार्टं आहे हो, मावशी."

न्यानचा जीव भांड्यात पडला.

मियेनने सांगितलं की त्या जुन्या प्रश्नांना आपल्या बायका नुसत्या हसतात आणि आम्ही फसतो, म्हणून इथल्या आया-सासवांबरोबर बसून आम्ही विचारायची तऱ्हाच बदलली आहे. आधी अंगाचं विचारायचं, डोकं जड आहे का, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं का. मन त्याच्या मागून आपोआप येतं. सुनेला एकटीला विचारायचं, आणि नंतर सासूलाही एकटीला.

"मला कशाला? मी काय बाळंत झालेय?" न्यान म्हणाली.

"तुम्ही चहा टाका," मियेन म्हणाली, आणि आत जाऊन तिने दार लोटून घेतलं.

न्यानने चहा टाकला, तो उकळून कडू झाला, ओतून दुसरा टाकला. आतलं बोलणं कळत नव्हतं. मग एकदम दिएपचा हुंदका ऐकू आला... बाळंतपणाच्या कळांतही जी पोरगी ओठ दाबून राहिली होती, तिचा हुंदका!

बऱ्याच वेळाने मियेन बाहेर येऊन बसली. तिने सुनेचं काहीच काढलं नाही. न्यानला झोप लागते का ते विचारलं, गुडघ्यांचं विचारलं, आणि मग सहज विचारावं तसं म्हणाली, "मावशी, तोआनच्या वेळी तुमच्याजवळ कोण होतं?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. न्यानने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि शब्दांऐवजी डोळ्यांतून धारा लागल्या. छावणी, आईच्या मरणाची बातमी, आटलेलं दूध, नदीकाठचं ते मरण, विहीणबाईंची शपथ... सगळं, सगळं तिने त्या परक्या बाईपुढे ओतून टाकलं.

मियेनने खुर्ची जवळ ओढली.

"दिएपने मला हे तुम्हाला सांगायला सांगितलंय, कारण तिला स्वतःला बोलवत नाही. तिला वाटतं, बाबांनी तिला टाकलं. इतक्या लांब लग्न केलं, पहिलं मूल माहेरी झालं नाही, म्हणून ते फोनवर येत नाहीत, आणि त्यांना भिऊन आईही बोलत नाही. ती म्हणते, जिला बापाने टाकलं ती कुणाची आई व्हायच्या लायकीची नाही. मी नसले तरी चालेल, उंदऱ्याला मा आहेत, असं म्हणाली ती मला."

न्यानने पदर धरावा तशी आपल्या सदऱ्याची कड तोंडाशी धरली. "पण आता सांगितलं तर तिचं दूध आटेल गं..."

"दूध आटलं तर बाजारात डबा मिळतो, मावशी. ती आटली तर काय आणायचं?"

हा आजार आहे, मियेन समजावत राहिली, तापासारखाच आजार; उद्याच डॉक्टरांकडे न्यायचं, कदाचित औषध लागेल, आणि तोवर तिला एकटं सोडायचं नाही. मी इथेच थांबते, ती म्हणाली. पण आत जायचं होतं ते न्याननेच.

शपथ मोडायची! विहीणबाईंना काय तोंड दाखवायचं? आणि ही पोरगी, जिला आधीच आपण वैरीण वाटतो, ती उद्या आपल्याला उंदऱ्याला हात तरी लावू देईल का? तरीही ती आत गेली. पलंगाच्या कडेवर बसली, सुनेच्या डोक्यावरची घामाने भिजलेली टोपी तिने काढली, आणि तिचा हात हातात घेतला.

"दिएप, तुझे बाबा नदीवर नाहीत, बाळा. तुला सातवा लागला होता तेव्हाच ते गेले. घाटावर, होडी बांधताना. मी लपवलं. तुझ्या आईला मीच गप्प बसवलं. तिला बोल लावू नकोस, काय म्हणायचं ते मला म्हण."

दिएप उठून बसली. ती रडेल, ओरडेल, आपला हात झिडकारेल, याची तयारी करून न्यान बसली होती. पण दिएपने अगदी लहान मुलीच्या आवाजात विचारलं, "म्हणजे... बाबा रागावले नव्हते?"

"रागावतील कसे, वेडे! तुझ्या आईबरोबर पाठवायला त्यांनी नारळाच्या वड्या बांधून ठेवल्या होत्या. शेवटच्या दिवसापर्यंत सगळ्यांना विचारत होते, ऑस्ट्रेलियात मुंग्या असतात का म्हणून."

तेव्हा कुठे दिएप रडली. साचलेलं सगळं रडली. बापाच्या मरणाचं दुःख आणि बापाची माया परत मिळाल्याचा दिलासा एकाच वेळी तिच्यावर कोसळला होता. न्यानने तिला पोटाशी धरलं, आणि कितीतरी वर्षांपूर्वी छावणीत जे रडायचं राहून गेलं होतं ते तीही रडली. मियेनने आत येऊन रडणाऱ्या उंदऱ्याला उचललं आणि त्याला शिव्या देत देत फेऱ्या घालू लागली.

संध्याकाळी तोआन कामावरून आला आणि त्याने बेन त्रेला फोन लावला. या वेळी पडद्यावर चेहरा आला. पांढरी पट्टी, खोल गेलेले डोळे, आणि मागे तसबिरीपुढे जळणारी उदबत्ती. मग दिएप म्हणाली, मांनी सगळं सांगितलं, तुला त्यांनी गप्प बसवलं होतं तेही सांगितलं.

विहीणबाई गोंधळल्या. "त्यांनी मला? अगं, शपथ मी घातली होती त्यांना. पोरीने विचारलं तर वाईटपणा मी घेते, असं त्या बिचाऱ्या म्हणाल्या. आणि मी तो घेऊ दिला."

दिएपने मान वळवली. न्यान दाराशी पाठमोरी उभी राहून, पांढऱ्या धुवट कापडाची पट्टी फाडत होती. बाळंतिणीच्या खोलीत सुतक आणू नये, हे तिच्याइतकं कुणाला माहीत! तरी तिने ती पट्टी आपल्या हाताने सुनेच्या कपाळावर बांधली, आणि मग जाऊन खोलीची खिडकी उघडली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवून झालं, औषध सुरू झालं, मियेन येत राहिली. काही एका दिवसात उजाडलं नाही. काही दिवस दिएप भिंतीकडे तोंड करूनच पडून असायची, आणि नारळीचं बन, घाट, बाबांची होडी आठवून तिचा जीव तुटायचा. पण आता ती ते बोलायची, आणि न्यान ऐकायची.

महिना भरला. बाळ घडवणाऱ्या बारा देवींसाठी न्यानने गोड भाताचे बारा वाटे मांडले. देव्हाऱ्यात तिच्या नवऱ्याच्या तसबिरीशेजारी आज दुसरी तसबीर होती. सुनेच्या बापाला नवऱ्याकडच्या पूर्वजांत कुणी बसवतं का, असं गल्लीतल्या एका बाईने कुजबुजून विचारलं. व्याह्यांना नातू बघायचा होता, न्यान म्हणाली, तिथून नीट दिसतो. तसबिरीपुढे बेन त्रेहून पार्सलने आलेल्या नारळाच्या वड्या होत्या. विहीणबाई स्वतः यायला अजून अवकाश होता.

पाहुणे गेल्यावर दिएप उंदऱ्याला मांडीवर घेऊन टेबलाशी बसली. न्यानने पपईचं कालवण तिच्यापुढे ठेवलं. दिएपने चार चमचे खाल्ले, पाचवा उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"मा, तुम्ही जेवलात का?"

"जेवले गं," न्यान सवयीने म्हणाली.

"खोटं," दिएप म्हणाली, आणि तिने वाडगा दोघींच्या मध्ये सरकवला.

न्यान उभीच राहिली. आई गेल्यापासून हे तिला कुणी असं विचारलं नव्हतं. मग तिने खुर्ची ओढली, आणि सुनेच्या हातातला चमचा घेतला.