चक्रवर्तीच्या चार विटा

घोड्यांच्या टापांखाली साम्राज्यं बदलली, राजधान्या हलल्या, इतिहासाने कूस पालटली. उज्जैनला भैरवगढच्या रस्त्यालगतच्या मैदानात मात्र चक्रवर्ती नावाचा थरोब्रेड घोडा पंधरा मिनिटांपासून एका बांबूकडे बघत उभा होता. बांबू एका विटेवर ठेवलेला होता. वीटही आडवी होती.

चक्रवर्ती शर्यतीतून रिटायर झालेला. तिथे त्याला सरळ पळायला शिकवलं होतं. वाटेत बांबू येतात हे कुणी बोललंच नव्हतं. त्याला उड्या शिकवायचा विडा जयूने उचलला होता आणि आत्ता ती त्याच्या पाठीवर बसून होती.

तेवढ्यात रुचिर आला. फ्रीगंजच्या एका बँकेतला ऑफिसर. आईसाठी छापील चादरी घेऊन परतताना स्कूटर बंद पडली, म्हणून ऑटो गाठायला तो मैदानातून पळत सुटला. गठ्ठा छातीशी धरून त्याने बांबूवरून टुण्णकन उडी मारली. चक्रवर्तीने ते पाहिलं आणि मागोमाग तोही उडाला. एका विटेसाठी चार फूट! मग शर्यत सुरू झाली असं समजून जयूसकट मैदानाच्या टोकाला गेला.

ती परत आली तेव्हा गाल लाल झाले होते.

"परत माराल?"

"काय?"

"उडी. दहा दिवसांपासून अडून राहिलाय हा. तुमच्यामागे गेला!"

"अहो, मला बँकेत जायचंय..."

"एकच — प्लीज."

तिच्या कपाळावर एक ओली बट चिकटली होती. रुचिरने चादरी खाली ठेवल्या.

नवख्या घोड्याला धीर यावा म्हणून पुढे अनुभवी घोडा पळवतात. उज्जैनला अनुभवी घोडे पुष्कळ, पण वरातीतले. ते अडथळा दिसला की थांबून नाचतात. म्हणून ती जागा रुचिरला मिळाली. रोज सकाळी सात वाजता, इस्त्रीच्या पँटमध्ये.

"प्रगती चांगली आहे," कडुनिंबाखालच्या खुर्चीवरून जयूचे वडील, तात्या म्हणाले.

"थँक्यू," रुचिर लाजला.

"घोड्याची म्हणतोय मी. तुम्ही गुडघे नाही उचलून राहिले."

"हो ना, गुडघे वर!" जयू ओरडली.

"घोड्याला इतकं ओरडत नाही तुम्ही."

"तो ऐकतो."

"मीपण ऐकतो... सगळंच."

जयूने नीट असलेला लगाम पुन्हा नीट केला.

दुसरी वीट आली, तिसरी आली. चक्रवर्ती आता शांतपणे दुडकत येई, अंदाज घेई, लागेल तेवढंच उडे आणि जयूने म्हटलं की थांबे. रुचिरची मात्र झोप उडाली. घोडा शिकला की आपलं काम संपलं! उज्जैनच्या देवांना तऱ्हेतऱ्हेच्या नवसांची सवय आहे; घोडा ढ राहू दे, हा नवस त्यांनाही नवीन होता.

सोमवारी बांबूखाली चौथी वीट चढली. रुचिर बुटाची नाडी बांधत होता. चक्रवर्तीने त्याची वाट पाहिली नाही. आला, उडाला, थांबला. जयू उतरून त्याच्या गळ्यात पडली. घोड्याच्या. रुचिरने टाळ्या वाजवल्या, ऑफिसच्या निरोप समारंभात वाजवतात तशा.

"म्हणजे आता माझी गरज नाही..."

"घोड्याला नाही."

"मग उद्यापासून —"

"उद्या सातला या."

"कशाला?"

"तुमच्या त्या वेड्यावाकड्या उड्या बघितल्याशिवाय... माझा दिवस नाही सुरू होत आता."

रुचिर मागे गेला, धावत आला आणि गुडघे छातीला लावून चारही विटांवरून पार झाला. उतरताना टर्र असं काहीतरी वाजलं.

"जयू, मला तुम्ही आवडता! पहिल्या विटेपासून!"

"चल बाबा, आपण पाणी पिऊ," तात्या घोड्याला म्हणाले आणि त्याला घेऊन गेले.

"मलाही," जयू हळूच म्हणाली आणि हात पुढे करून जवळ आली. रुचिर मागे सरला. आणखी सरला. पाठ कडुनिंबाला टेकली.

"आता तुम्ही कशाला अडून राहिले?"

"नाही, म्हणजे..." तो म्हणाला, "एक सेफ्टी पिन मिळेल का? मोठी."